पन्नास हर्ट्झचा देश

मागच्या महिन्यात आमच्या भागात काउन्सिलचं क्लीन-अप होतं. वर्षातून एकदोनदा घरातलं नको असलेलं सामान फुटपाथवर काढून ठेवायचं आणि ट्रक येऊन ते घेऊन जातो, हा प्रकार सिडनीकरांना सांगायला नको. बाबा आता पंच्याहत्तरीचे आहेत, पण या दिवसाची वाट ते गणपतीसारखी बघतात. त्यांनी गॅरेजमधून एक खोकं ओढत आणलं, वरचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. "हे तुझे गेमचे अंक. टाकू?"

खोक्यात 'हायपर'चे अंक होते, १९९५ ते २००२च्या दरम्यानचे, सलग नव्हेत. काहींची मुखपृष्ठं गेलेली, काहींची मधली पोस्टरं भिंतीवर लागून संपलेली. मी "थांबा, आधी बघू देत" म्हणालो आणि तो आठवडा ते अंक पुन्हा वाचण्यात गेला. हा लेख त्या वाचनातून आला आहे. लहानपणीच्या गोष्टी पुन्हा वाचल्या की त्या लहान झालेल्या दिसतात, असा माझा अनुभव. इथे काही गोष्टी लहान झाल्या हे खरं, पण एक गोष्ट उलट मोठी दिसली. ती काय, ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'हायपर' हे ऑस्ट्रेलियातलं व्हिडिओ गेमचं मासिक. पहिला अंक डिसेंबर १९९३चा. प्रकाशक सिडनीची नेक्स्ट मीडिया, म्हणजे 'रोलिंग स्टोन'ची ऑस्ट्रेलियन आवृत्ती काढणारे फिल किअर यांची कंपनी. पहिले संपादक स्टुअर्ट क्लार्क. पुढे डॅन टूस, एलिअट फिश, कॅम शे, डॅनिअल विल्क्स अशी संपादकांची रांग. सेगा, निन्टेन्डो, नंतर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट, अशा सगळ्या यंत्रांवरचे गेम एकाच अंकात. हा शेवटचा मुद्दा आज साधा वाटतो, तेव्हा नव्हता. त्याआधी इथे 'मेगाझोन' होतं, पण ते सेगाचं इथलं वितरण करणाऱ्या ओझीसॉफ्ट कंपनीच्या छत्राखाली सुरू झालेलं. निन्टेन्डोच्या नावाचं वेगळं मासिक होतं. प्लेस्टेशन आल्यावर सोनीच्या अधिकृत मासिकासोबत डेमोची सीडी मिळू लागली, आणि खरं सांगायचं तर निम्मी पोरं त्या सीडीसाठीच ते घेत. दुकानदाराने स्वतःच्या मालाविषयी काढलेली पुस्तिका आणि मासिक यांतला फरक बारा वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही. दोन्ही हातात आली की कळतो.

आम्ही डोंबिवलीहून सिडनीला आलो ते जानेवारी १९९५मध्ये. तिथे माझ्याकडे निन्टेन्डोची नक्कल असलेला टीव्ही गेम होता, ज्याच्या कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत सातआठच गेम निघायचे. तो कुठल्या कंपनीचा, कुठे बनला, त्यातला प्लंबर कोण, कशाचाच पत्ता नव्हता. गेमवर कोणी काही लिहितं ही कल्पनाच नव्हती. लिहायचं ते क्रिकेटवर. संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'चे अंक माझ्या मामाकडे गठ्ठ्याने असत आणि त्यातल्या भांडखोर पत्रांवर त्याच्या मित्रांची संध्याकाळ जायची.

सिडनीत आल्यावर गराज सेलमध्ये जुनं मेगा ड्राइव्ह मिळालं. पण नव्या गेमची किंमत शंभर डॉलरच्या आसपास. बाबांची पहिली नोकरी लागेपर्यंत सहा महिने गेले होते, त्यामुळे नियम ठरला: वर्षाला एक गेम, वाढदिवसाला. बाकीचे ३६४ दिवस वाचायचं. स्टेशनजवळच्या न्यूजएजंटच्या दुकानात मी उभ्याने 'हायपर' वाचायचो. दुकानदार ग्रीक आजोबा होते. तीन अंक उभ्याने वाचले की चौथा विकत घ्यायचा, असा त्यांच्या भुवईने केलेला करार होता.

आता 'पन्नास हर्ट्झ'विषयी. १९९६च्या ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही न्यू जर्सीला आत्याकडे गेलो. आत्येभावाकडे सेगाचंच यंत्र होतं, फक्त तिकडे त्याला जेनेसिस म्हणत. त्याने पहिला 'सॉनिक' लावला आणि मला वाटलं यांचा टीव्ही बिघडलाय. सॉनिक जास्त जोरात पळत होता, गाणं जास्त जोरात वाजत होतं, आणि पडद्याच्या वरखाली काळ्या पट्ट्या नव्हत्या. तो म्हणाला, "असाच असतो." दोन वर्षं मी जो गेम खेळत होतो तो हळू होता आणि मला ते माहीतच नव्हतं.

कारण साधं आहे. ऑस्ट्रेलियात, युरोपात आणि भारतातही टीव्हीची पॅल पद्धत होती. चित्र सेकंदाला पन्नासदा ताजं व्हायचं. जपान आणि अमेरिकेत साठदा. त्या काळचे बरेच गेम प्रत्येक चित्रामागे एक पाऊल पुढे सरकत. साठसाठी बांधलेला गेम तसाच उचलून पन्नासवर चालवला की तो सुमारे सतरा टक्के हळू होतो. शिवाय पॅलच्या पडद्यावर आडव्या रेषा जास्त, म्हणून उरलेल्या जागेत वरखाली काळं. कोणी मनापासून रूपांतर केलं तर हे टाळता यायचं, अनेकदा ते कोणी करत नसे. दोष कोणा एकाचा नव्हता. बाजारपेठ लहान आणि शेवटच्या टोकाला.

त्या सुट्टीत मी आत्येभावाची अमेरिकन मासिकं अधाशासारखी वाचली. गुळगुळीत कागद, दुप्पट पानं. पण त्यांतलं प्रत्येक परीक्षण साठ हर्ट्झचं होतं. ते लबाड नव्हते, त्यांचा गेम खरंच तसा होता. माझा तसा नव्हता. पॅल रूपांतर बरं झालंय की वाईट, हा प्रश्न त्यांना पडण्याचं कारणच नव्हतं, आणि सिडनीत बसून लिहिणाऱ्याला तो टाळता येत नव्हता. मोठी दिसलेली गोष्ट ती हीच. 'हायपर'च्या परीक्षणाला पत्ता होता. मजकूर तुमच्याच गावातून, तुमच्याच टीव्हीसमोर, तुमच्याच डॉलरात विचार करून लिहिलेला होता.

तारखांवरून हे आणखी कळेल. प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ला आलं, आपल्याकडे नोव्हेंबर १९९५मध्ये. निन्टेन्डो ६४ जपानमध्ये २३ जून १९९६ला, इथे १ मार्च १९९७ला. 'क्रोनो ट्रिगर' आणि 'सुपर मारिओ आरपीजी' हे सुपर निन्टेन्डोवरचे नावाजलेले गेम त्या यंत्रासाठी पॅल देशांत कधी आलेच नाहीत. ब्रिटिश मासिकं यायची तीही जहाजाने, दोनतीन महिने शिळी होऊन. म्हणजे इथला वाचक कायम वाट बघणारा. वाट बघण्याच्या त्या महिन्यांत त्याच्याशी बोलत राहणं, हे काम 'हायपर'ने मन लावून केलं. आयात केलेलं जपानी यंत्र कुणाच्या हातात पडलंय, त्यावर काय दिसतंय, इथे येईल तेव्हा काय उरेल, ही चर्चा त्याची खरी ताकद. एकटं परीक्षण वाचलंत तर ते चटपटीत वाटेल. बारा अंक ओळीने वाचलेत तर एका गावाची डायरी वाचतोय असं वाटतं.

क्रिकेटचं उदाहरण तर आपल्यासाठीच आहे. कोडमास्टर्सचा 'ब्रायन लारा क्रिकेट ९६' हा ब्रिटिश गेम ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 'शेन वॉर्न क्रिकेट' या नावाने विकला गेला. आतला गेम तोच, फक्त डब्यावरचा माणूस बदललेला. सुपर निन्टेन्डोवरचा 'सुपर इंटरनॅशनल क्रिकेट' तर मेलबर्नच्याच बीम सॉफ्टवेअरने केला होता, ज्यांनी १९८२मध्ये 'द हॉबिट' आणि १९९३मध्ये 'शॅडोरन' केले. असल्या गेमचं काय करायचं हे अमेरिकन मासिकाला कसं कळणार? आत्येभावाला मी स्लिपमधला क्षेत्ररक्षक समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. तो विषय तिथेच राहिला.

आता दुसरी बाजू. पुन्हा वाचताना पहिली खटकली ती टक्केवारी. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी चौकट: चित्रं, आवाज, खेळण्यातली मजा, आणि एकूण, शंभरपैकी. लहानपणी मी आधी ती चौकट वाचायचो आणि मग लेख. आता दिसतं की शंभरातले पहिले पन्नास आकडे जवळजवळ वापरातच नव्हते. सत्तर म्हणजे वाईट, ऐंशी म्हणजे ठीक, नव्वदच्या पुढे खरी बातमी. आपल्याला हे ओळखीचं आहे. दहावीला ऐंशी टक्के मिळाले की घरात कशी शांतता पसरायची ते आठवा. पण दहावीची फूट कौतुकाची होती, इथली फूट कशाची? इथला बाजार छोटा, वितरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परीक्षणासाठी गेम तेच देणार, जाहिरातीही तेच देणार. गुण विकले जात होते असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही आणि अंक वाचून तसं वाटतही नाही. पण ज्याच्याशी रोज चहा प्यायचा त्याच्या मुलाला पस्तीस गुण देणं जड जातं. लेखातला मजकूर बऱ्याचदा आकड्यापेक्षा प्रामाणिक आहे. "दुसऱ्या पातळीनंतर कंटाळा येतो" असं मजकुरातून स्पष्ट कळतं आणि खाली आकडा ८१.

माझ्या वाढदिवसाचे दोन गेम अशा आकड्यांच्या भरवशावर फुकट गेले. त्यातला एक, नाव सांगत नाही, दोन दुपारींत संपला. बाबांनी विचारलं, "झाला? आता पुढच्या मेपर्यंत हाच." मी पुन्हा तो अंक काढून वाचला. सगळं तिथे लिहिलेलं होतं, मीच फक्त चौकट वाचली होती. परीक्षण कसं वाचावं हे मी शाळेत शिकलो नाही, त्या रात्री शिकलो.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे त्या पानांत मुलींना जागा नव्हती. जाहिरातींत बाया होत्या, भरपूर होत्या, आणि कशासाठी होत्या ते सांगायला नको. हे त्या काळच्या जगभरच्या गेम मासिकांचं दुखणं, 'हायपर' त्याला अपवाद नव्हतं. माझी ताई माझ्याहून चांगली खेळायची, पण मासिकातली फक्त वाचकांची पत्रं वाचायची. परवा तिला फोन करून विचारलं, तेव्हा म्हणाली, "बाकीचं माझ्याशी बोलत नव्हतं रे." आमच्यासारखे चेहरेही त्यात नव्हते, पण ते मला तेव्हा जाणवलं नाही. नव्या देशात आलेल्या मुलाला आपण कुठे दिसत नाही याचं आश्चर्य वाटत नाही, तो ते धरूनच चालतो.

उलट भाषेच्या बाबतीत मी त्या मासिकाचा ऋणी आहे. शाळेत मुलं मला नावं ठेवायची तेव्हा ती चिडवताहेत की मैत्री करताहेत हे मला कळायचं नाही. 'हायपर'चे लेखक एकमेकांची आणि स्वतःची खेचत, वाचकाच्या पत्राला तिरकं उत्तर देत, आणि तरी त्यात राग नसे. ऑस्ट्रेलियन माणूस ज्याला आवडतो त्यालाच टोचतो, हे मला तिथे कळलं. 'षटकार'मधली भांडणं वेगळी होती, पण मामाची संध्याकाळ आणि माझी संध्याकाळ यांत फार फरक नव्हता.

सेन्सॉरचा विषय टाळून या मासिकांचा इतिहास सांगता येणार नाही. १९९५च्या वर्गीकरण कायद्याखाली इथे सिनेमाला प्रौढांसाठीचा आर १८+ दर्जा होता, गेमला नव्हता. गेमची वरची मर्यादा एमए १५+. त्यापलीकडे गेलेल्या गेमला दर्जा नाकारला जायचा, म्हणजे तो विकताच यायचा नाही. गेम म्हणजे पोरांचं खेळणं, हे गृहीतच कायद्यात बसलेलं. २००८मध्ये 'फॉलआउट ३'ला मॉर्फिनच्या वापरावरून दर्जा नाकारला गेला. कंपनीने त्या औषधाचं नाव 'मेड-एक्स' केलं, आणि मग तेच नाव जगभरच्या आवृत्तीत गेलं. २००९मध्ये 'लेफ्ट ४ डेड २' कापून आला. कायदा बदलायचा तर सगळ्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी-जनरलची संमती हवी, आणि साउथ ऑस्ट्रेलियाचे मायकल अ‍ॅटकिन्सन वर्षानुवर्षं ती देत नव्हते. सरकारने डिसेंबर २००९मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा ५८ हजारांहून जास्त उत्तरं आली, त्यांतली सुमारे ९८ टक्के बदलाच्या बाजूने. १ जानेवारी २०१३ला गेमसाठी आर १८+ लागू झाला.

'सखाराम बाइंडर'चं प्रकरण ज्यांना आठवतं त्यांना या वादात नवीन काही दिसणार नाही. मोठ्या माणसाने काय बघावं हे कोण ठरवणार, एवढंच. माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे नाटकाच्या बाजूने उभं राहायला समीक्षक होते, वृत्तपत्रांची पानं होती. इथे गेमच्या बाजूने मोठी वृत्तपत्रं नव्हती. एखाद्या गुन्ह्याची बातमी आली की त्यात गेमचं नाव येणार, एवढाच त्यांचा संबंध. हा आपला कायदा आहे, आपल्याला लागू आहे आणि अमेरिकेत बसलेला कोणी तो बदलायला येणार नाही, हे महिन्यामागून महिने बोलत राहायला इथली मासिकंच होती. त्या ५८ हजारांतले कितीजण ही मासिकं वाचून मोठे झालेले असतील, असा विचार मनात येतो. मोजता येणार नाही. मी त्यातला एक होतो.

शेवट लवकर सांगतो, कारण तो सगळ्याच मासिकांसारखा आहे. इंटरनेट आलं. परीक्षण गेमच्या दिवशीच वाचता येऊ लागलं आणि वाट बघणं संपलं. नव्या टीव्हींनी पन्नास-साठ हा भेदही मिटवला. कॅम शे 'हायपर' सोडून आयजीएनच्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीत गेले, तिथेच वाचक होते. 'हायपर'च्या अंकांमधलं अंतर वाढत गेलं. २०१८च्या अखेरीस नेक्स्ट मीडियाने आपली संगणकविषयक मासिकं ब्रिटनच्या फ्युचर कंपनीला विकली आणि २०१९मध्ये 'हायपर' हे 'पीसी पॉवरप्ले' या १९९६पासूनच्या धाकट्या भावंडाच्या पोटात एक विभाग होऊन राहिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'गेम इन्फॉर्मर ऑस्ट्रेलिया' बंद झालं. ते २००९मध्ये सुरू झालेलं, मालक ईबी गेम्स, म्हणजे गेम विकणारी दुकानंच. दुकानाचं मासिक दुकानाच्या हिशोबाने संपलं. एबीसीवरचा 'गुड गेम' २०१६लाच थांबला होता. 'कोटाकू ऑस्ट्रेलिया' जुलै २०२४मध्ये गेलं.

यातली मला लागलेली गोष्ट अशी. त्याच २०१९च्या सप्टेंबरात मेलबर्नच्या चौघांनी केलेला 'अनटायटल्ड गूज गेम' आला. एक वात्रट हंस एका शांत गावाला छळतो, बस्स. जगभर लोकांनी तो डोक्यावर घेतला. हा गेम समजून घ्यायला जी टोचरी, स्वतःवर हसणारी नजर लागते, ती ज्या पानांवर पंचवीस वर्षं तयार होत होती ती पानं त्याच वर्षी बंद झाली. मी त्याच्याविषयी सगळं वाचलं ते लंडन आणि न्यूयॉर्कहून.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती यूट्यूबवर परीक्षणं बघते, उत्तम इंग्रजीतली, हुशार लोकांची. मी एकदा विचारलं, हा माणूस कुठला? तिने खांदे उडवले. तिला त्याची गरजही नाही, तिचा गेम आणि त्याचा गेम आता एकच आहे, एकाच वेगाने पळतो. किंमत मात्र तो अमेरिकन डॉलरात सांगतो आणि ती मनातल्या मनात दीडपट करते. वर्षाला एक हा नियम आमच्याकडे अजून चालू आहे.

चाहत्यांनी स्कॅन केलेले 'हायपर'चे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, उत्सुकता असेल त्यांनी जरूर चाळावेत. पत्रांचं पान आधी वाचा, असा ताईचा सल्ला. माझं खोकं फुटपाथवर गेलं नाही. बाबांना सांगितलं की हे राहू देत. त्यांनी खोक्याच्या तळाशी हात घालून एक काळं कार्ट्रिज बाहेर काढलं, चष्मा वर करून नाव वाचलं आणि म्हणाले, "वॉर्नचं आहे. मशीन आहे का रे अजून?" शारजाच्या त्या दोन शतकांनंतर, १९९८च्या एप्रिलमध्ये, आम्ही दोघांनी आठवडाभर भारताकडून खेळून त्याला धुतलं होतं. मशीन आहे. जुना टीव्ही मात्र गेल्या वर्षीच्या क्लीन-अपला बाबांनीच बाहेर ठेवला होता.